बुटाचा नंबर आणि पाळण्यातले पाय

गेल्या डिसेंबरात बहिणीकडे नॉर्थ कॅरोलायनाला गेलो होतो. तिचा मुलगा तिथल्या एका सरकारी शाळेच्या बास्केटबॉल संघात खेळतो, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी आम्ही सगळे शाळेच्या जिममध्ये जाऊन बसलो. आमच्या पुढच्या रांगेत मांडीवर वही घेतलेले पन्नाशीचे एक गृहस्थ होते. शाळकरी खेळाडूंची क्रमवारी लावणाऱ्या एका सेवेसाठी ते गावोगाव मॅचेस बघत हिंडतात. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की हा माणूस चेंडूकडे बघतच नाहीये. चेंडू नसेल त्या बाजूला, समोरच्या संघातल्या एका हडकुळ्या पोराकडे त्यांची नजर लागलेली होती. त्या पोराने पूर्वार्धात जेमतेम चार पॉइंट केले होते. हाफटाइमला ते उठले, आमच्याच रांगेत बसलेल्या त्या पोराच्या आईशी जरा हवापाण्याचं बोलले आणि मग दोन गोष्टी विचारल्या: तुमचे भाऊ किती उंच आहेत? आणि ह्याच्या बुटाचा नंबर काय?

आई म्हणाली, तेरा. ऑगस्टमध्ये शाळा उघडली तेव्हा साडेअकरा होता.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असं आपण म्हणतो. वयात येणाऱ्या मुलांच्या बाबतीत ते जवळजवळ शब्दशः खरं आहे. उंची झपाट्याने वाढते तेव्हा शरीर सगळीकडून सारखं वाढत नाही. आधी पावलं आणि हाताचे पंजे मोठे होतात, मग पाय आणि हात लांबतात, धड सगळ्यात शेवटी. म्हणून त्या वयातली मुलं काही महिने नुसती हातापायांची दिसतात, चालता चालता टेबलाला धडकतात. मेंदूला जुन्या मापाच्या शरीराची सवय असते आणि हाडं रोज थोडी पुढे गेलेली असतात. मुलग्यांमध्ये ही वाढ सरासरी चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वात वेगात असते, तेव्हा वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटरही भर पडते. ताकद येते ती त्यानंतर, बरेचदा सहा महिने ते वर्षभर उशिराने. म्हणजे मधल्या काळात पोरगा उंच असतो, पण धक्का लागला की पडतो.

सरासरी चौदा वर्षं, पण कुणाचा वेग बाराव्या वर्षीच शिगेला पोचतो, कुणाचा सोळाव्याला. एकाच वर्गातल्या, एकाच महिन्यात जन्मलेल्या दोन मुलांच्या हाडांच्या वयात तीन-चार वर्षांचं अंतर असू शकतं. हाडांचं वय डॉक्टर डाव्या हाताच्या मनगटाचा एक्स-रे काढून ठरवतात. हाडांच्या टोकांशी कूर्चेच्या ज्या वाढपट्ट्या असतात, त्या किती मिटल्या आहेत हे त्यात दिसतं. पट्ट्या मिटल्या की उंची थांबली. नववीत मिशा फुटलेला, सगळ्यांना खांद्याने ढकलून बास्केटखाली उभा राहणारा मुलगा पुष्कळदा त्याच्या अंतिम उंचीला जवळजवळ पोचलेला असतो. त्याला मिळणारे पॉइंट खरेच असतात, पण त्यातला काही भाग लवकर वयात आल्याचा असतो आणि तीन वर्षांनी बाकीची मुलं त्याला गाठतात. हे त्याला कुणी वेळेवर सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. तो बारावीत गेल्यावर अचानक मागे पडतो आणि आपण आळशी झालो असं समजून बसतो.

उलट बाजूला अँथनी डेव्हिस. हा शिकागोतल्या एका छोट्या शाळेकडून खेळायचा. तिच्या मॅचेसकडे वर्तमानपत्रांचं फारसं लक्ष नसे. शाळेत आला तेव्हा सहा फुटांच्या आसपासचा गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणारा आणि लांबून शॉट मारणारा खेळाडू. शाळा संपेपर्यंत तो सहा फूट दहा इंच झाला. २०१० च्या सुरुवातीपर्यंत क्लीव्हलँड स्टेट या एकाच विद्यापीठाने त्याला स्कॉलरशिप देऊ केली होती. त्या वसंतात तो शाळेबाहेरच्या क्लब संघातून देशभरच्या स्पर्धांत उतरला आणि काही महिन्यांत त्याच्या वर्गातला देशातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू ठरला. पुढे तो केंटकी विद्यापीठाकडून खेळला, केंटकीने २०१२ साली राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आणि त्याच वर्षी एनबीएच्या, म्हणजे व्यावसायिक लीगच्या, निवडीत त्याला सर्वांत आधी उचललं गेलं. गंमत अशी की उशिरा वाढल्याचा त्याला दुहेरी फायदा झाला. लहानखुरा असताना ड्रिबल आणि पास शिकला, उंची नंतर मिळाली. लहानपणापासून उंच असलेल्या मुलाला कोच बास्केटखालून हलू देत नाहीत, मग ती कला हाताला बसायची राहते.

मग अशा मुलाची उंची आधीच का वर्तवत नाहीत? वर्तवतात, पण हिशोब ढोबळ असतो. बालरोगतज्ज्ञ वापरतात ते साधं सूत्र असं: मुलग्यासाठी आईवडिलांच्या उंचीच्या बेरजेत १३ सेंटिमीटर मिळवायचे आणि दोनाने भागायचं. माझे मेहुणे १७८ सेंटिमीटर, बहीण १६३. भाच्याची अपेक्षित उंची आली १७७. पण या आकड्याच्या दोन्ही बाजूंना साधारण साडेआठ सेंटिमीटर धरावे लागतात. म्हणजे भाचा साडेपाच फूट आणि थोडा वर इथपासून सहा फूट एक इंच इथपर्यंत कुठेही थांबू शकतो. कपडे शिवताना हा फरक चालून जातो. बास्केटबॉलमध्ये या अंतरात खेळाची जागा बदलते आणि कॉलेजही. मुलाची सध्याची उंची, वजन, बसल्यावरची उंची आणि पायांची लांबी धरून केलेली गणितं याहून बरी आहेत, तरीही चूक काही सेंटिमीटरांची राहतेच. मुलींमध्ये वाढीचा वेग सरासरी बाराव्या वर्षीच शिगेला पोचतो. त्यामुळे कॉलेजचे कोच बघायला येतात तेव्हा त्यांची उंची बहुतेक कळून चुकलेली असते, आणि कोड्यातला हा तुकडा आधीच सुटलेला असतो.

मुलग्यांच्या बाबतीत मात्र निर्णयाचं घड्याळ शरीराच्या घड्याळापुढे धावतं. दहावीचं वर्ष संपल्यावर १५ जूनपासून कॉलेजच्या कोचना मुलांशी थेट बोलायची मुभा आहे, पण याद्या त्याच्या कितीतरी आधी, नववीपासून तयार होतात. अमेरिकेत पाच लाखांहून जास्त मुलगे शाळेकडून बास्केटबॉल खेळतात. त्यातले शंभरात तीन-चार एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संस्थेच्या कुठल्या ना कुठल्या संघात पोचतात, वरच्या म्हणजे पहिल्या डिव्हिजनला शंभरातला जेमतेम एक.

आता आकड्यांकडे येऊ, कारण उंचीपेक्षा आकडे जास्त फसवतात.

समजा एखादा मुलगा लांबून, म्हणजे थ्री-पॉइंट रेषेबाहेरून, शंभरात पस्तीस शॉट घालणारा आहे. हे झालं त्याचं खरं कौशल्य, जे कुणालाच थेट दिसत नाही. जुलैच्या एका शनिवार-रविवारी क्लब स्पर्धेत तो पाच मॅचेस खेळला आणि वीस शॉट मारले. निम्मे किंवा त्याहून जास्त जाण्याची शक्यता किती? गणित सांगतं, सुमारे १२ टक्के. आता अशी हुबेहूब सारख्या कौशल्याची पन्नास मुलं त्या जिममध्ये असतील, तर त्यातली सहा जणं केवळ योगायोगाने पन्नास टक्क्यांवर जातील. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या शंभर कोचना त्या दोन दिवसांत हीच सहा दिसणार. फोन त्यांनाच येणार. पुढच्या महिन्यात ती परत पस्तीसवर येतात आणि लोक म्हणतात, पोराच्या डोक्यात हवा गेली. हवा कुठेच गेलेली नसते. फ्रान्सिस गॉल्टनने एकोणिसाव्या शतकात आईवडील आणि मुलांच्या उंचीचे तक्ते मांडताना हीच गोष्ट पाहिली होती: टोकाच्या मोजमापानंतरचं पुढचं मोजमाप सरासरीकडे सरकतं.

वीसऐवजी शाळेचा अख्खा सीझन घेतला, शंभरेक शॉट, आणि मुलाने चाळीस घातले, तरी त्याचं खरं कौशल्य तीस ते पन्नास यांच्यामध्ये कुठेही असू शकतं. तीसवाल्याला कॉलेजात कुणी अडवायलाच जात नाही, मोकळा सोडतात. पन्नासवाला मुलगा जवळजवळ अस्तित्वातच नसतो. शिवाय शाळेतली थ्री-पॉइंट रेषा १९ फूट ९ इंचांवर असते, कॉलेजात ती २२ फुटांच्या किंचित पुढे जाते. म्हणून जाणती माणसं फ्री थ्रोचे, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटचे, आकडे काढून बघतात. फ्री थ्रोची रेषा शाळेपासून एनबीएपर्यंत १५ फुटांवरच असते. समोर कुणी अडवायला नसतं, घाई नसते, प्रतिस्पर्धी शाळा दुबळी होती की तगडी याने फरक पडत नाही. हात कसा आहे तेवढंच उरतं. कॉलेजमधली फ्री थ्रोची टक्केवारी बघून पुढे एनबीएत लांबचे शॉट कसे जातील याचा बराचसा अंदाज येतो, हे आकड्यांचा अभ्यास करणाऱ्यांना वारंवार दिसलेलं आहे.

पुढे एनबीएतला नामांकित थ्री-पॉइंट शूटर झालेल्या स्टीफन करीची गोष्ट याच राज्यातली, नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटची. वडील डेल करी एनबीएत खेळलेले, आईवडील दोघंही व्हर्जिनिया टेकचे खेळाडू. तरी व्हर्जिनिया टेकने त्याला स्कॉलरशिप दिली नाही, हवं तर स्वतःच्या खर्चाने संघात ये म्हणाले. पोरगा सहा फुटांचा आणि काटकुळा होता, चूक म्हणावी असं त्यात काही नव्हतं. त्याला घेतलं डेव्हिडसन या शार्लटजवळच्या छोट्या कॉलेजने. तिथले कोच बॉब मॅकिलप त्याला लास व्हेगासच्या एका स्पर्धेत बघायला गेले होते आणि त्या मॅचमध्ये करी अतिशय वाईट खेळला. शॉट गेले नाहीत, चेंडू हातातून सुटले. पण त्याने एकदाही पंचांकडे हात केले नाहीत, सोबत्याला दोष दिला नाही, बेंचवर बसल्यावर टाळ्या वाजवत होता, कोचच्या डोळ्यांत बघून ऐकत होता. मॅकिलप यांचं मन तिथे ठरलं. एका मॅचमधून शॉट कसा आहे ते कळत नाही, वर जो हिशोब केला त्यावरून ते उघड आहे. चुकल्यावर मुलगा काय करतो हे मात्र एका मॅचमध्ये वीसदा दिसतं. २००६ साली कॉलेजातल्या पहिल्याच मॅचमध्ये करीने तेरा वेळा चेंडू गमावला. मॅकिलप यांनी त्याला दुसऱ्या मॅचलाही उतरवलं. त्या मॅचमध्ये, मिशिगनविरुद्ध, त्याने ३२ पॉइंट केले.

इथे थांबून एक सांगायला हवं. करीचं उदाहरण देऊन ‘क्रमवारी सगळी खोटी’ असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. देशात पहिल्या दहांत लावलेली मुलं बहुतेक वेळा खरोखरच चांगली निघतात, पाचशेव्या नंबरच्या मुलापेक्षा कितीतरी जास्त वेळा. आपल्याला करी आठवतो, कारण तो करी झाला. काटकुळे राहिलेले हजारो काटकुळे कुणाला आठवणार? आणि कोचच्या बाजूने चूकही दोन प्रकारची असते. चुकीचा मुलगा घेतला तर तो रोज समोर बेंचवर बसलेला दिसतो. चांगला मुलगा सुटला तर तो दुसऱ्या कुठल्या तरी गावात खेळत राहतो, त्याचा सल टोचतसुद्धा नाही. माणूस मग टोचणारी चूक टाळतो, आणि उंच, दणकट, आधीच नाव झालेला मुलगा निवडतो.

जा मोरँटचं काय झालं ते बघा. साउथ कॅरोलायनातल्या एका क्लब संघात तो आणि झायन विल्यमसन एकत्र खेळले. झायनकडे देशातल्या नामांकित कोचचं लक्ष गेलं. मोरँट त्याच कोर्टवर, त्याच डोळ्यांसमोर होता, आणि तरीही कुठल्याही मोठ्या यादीत त्याचं नाव नव्हतं. २०१६ च्या उन्हाळ्यात केंटकीतल्या मरी स्टेट विद्यापीठाचे सहाय्यक कोच जेम्स केन दुसऱ्याच खेळाडूला बघायला स्पार्टनबर्गला गेले होते. काहीतरी खायला शोधत असताना मागच्या जिममधून चेंडूचा आवाज आला, म्हणून डोकावले, तर आत मोरँट तिघं-विरुद्ध-तिघं खेळत होता. तीन वर्षांनी एनबीएच्या निवडीत झायन पहिला गेला आणि मोरँट दुसरा.

डोळे तेच असून दिसत का नाही? २००८ साली इटलीतल्या संशोधकांनी एक सुंदर प्रयोग केला. फ्री थ्रोच्या चित्रफिती वेगवेगळ्या क्षणी मध्येच थांबवायच्या आणि विचारायचं, चेंडू आत जाईल की बाहेर? कसलेले खेळाडू चेंडू हातातून सुटायच्या आधीच, बोटं आणि गुडघे बघून, बऱ्यापैकी अचूक सांगत. कोच आणि क्रीडा पत्रकार वर्षानुवर्षं बास्केटबॉल बघत आलेले, पण त्यांना चेंडूची हवेतली वाट दिसावी लागे. बघून आलेली जाण आणि करून आलेली जाण यांत असा फरक असतो. पुढच्या रांगेतले ते गृहस्थ स्वतः कॉलेजात चार वर्षं खेळले होते, हे मला नंतर कळलं. चेंडू सोडून ते त्या पोराची पावलं बघत होते, समोरचा वळायच्या आत ती वळतात का ते.

उशिरा वाढणाऱ्या मुलांचा मार्ग अलीकडे आणखी अरुंद झालाय. २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना एका वर्षाची सक्तीची विश्रांती न घेता कॉलेज बदलता येऊ लागलं. आता कोचला सतरा वर्षांच्या अर्धवट वाढलेल्या मुलावर पैज लावायची गरज उरली नाही. बावीस वर्षांचा, उंची थांबलेला, शंभर कॉलेज मॅचेसचे आकडे पाठीशी असलेला खेळाडू छोट्या कॉलेजातून सरळ उचलता येतो. अंदाज पक्का होतो, हे कोचच्या दृष्टीने योग्यच आहे. पण शाळेतून निघालेल्या हडकुळ्या पोरासाठी आता छोटं कॉलेज हीच पहिली पायरी आहे, आणि तिथेही जागा मोजक्याच.

मॅच संपल्यावर मी त्या गृहस्थांना विचारलं, हा पोरगा मोठा खेळाडू होईल का? ते हसले आणि वही माझ्यापुढे धरली. पोराच्या नावापुढे पेन्सिलीने तीन रकाने आखले होते. पहिल्यात डिसेंबरची उंची, बुटाचा नंबर आणि फ्री थ्रोचा हिशोब होता. उरलेल्या दोन्हींवर मार्च आणि जुलै एवढंच लिहिलं होतं.