मल्लखांब व व्यायाम वर्ग : प्रवेशापूर्वी वाचावयाचे माहितीपत्रक

प्रवेशासाठी येणारे पालक बहुधा दोन प्रश्न विचारतात. मूल मल्लखांबावर केव्हा चढेल, हा पहिला, आणि प्रमाणपत्र कधी मिळेल, हा दुसरा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मात्र त्यांचे उत्तर तारखेत देता येत नाही, आणि ते का देता येत नाही हे शुल्क भरण्याआधीच आपल्याला ठाऊक असावे, म्हणून हे पत्रक आम्ही देत आहोत.

आमचे मुख्य शिक्षक गेली ३४ वर्षे मल्लखांब, लाठी आणि सूर्यनमस्कार शिकवीत आहेत. जे आपण स्वतःच्या अंगावर घेऊन केलेले नाही ते दुसऱ्याच्या अंगावर घालायचे नाही, हा त्यांचा पहिला नियम. या नियमामुळे काही विद्यार्थी आम्हाला परत पाठवावे लागतात. दांडपट्टा शिकायचा आहे असे कोणी म्हणाले, तर सर त्याला कोल्हापूरकडच्या मर्दानी खेळाच्या वस्तादांकडे जायला सांगतात, कारण त्यांनी स्वतः दांडपट्टा काही महिनेच हाताळला आहे आणि तेवढ्या बळावर दुसऱ्याच्या हातात पाते देणे त्यांना मान्य नाही.

मल्लखांबाची विद्या पुस्तकापेक्षा हातातून हातात आलेली आहे. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी तिला नवे रूप दिले आणि त्यांच्याकडून ती कोंडभटनाना गोडबोले यांच्यासारख्या शिष्यांकडे गेली, असे परंपरा सांगते. म्हणून कोणतीही पकड शिकवताना ती आपण कोणाकडून शिकलो, हे सर विद्यार्थ्यांना नावानिशी सांगतात, आणि त्या पकडीत स्वतः काही बदल केला असेल तर तोही लपवीत नाहीत.

पहिले काही आठवडे बाहेरून पाहणाऱ्याला रिकामे वाटतात. जोर, बैठका, लोंबकळणे, खांबाला नुसती मिठी मारून राहणे, एवढेच चालते. पुरलेला मल्लखांब सागवानी किंवा शिसवी असतो, वर निमुळता होत जातो, आणि अंग, मान व बोंड हे त्याचे भाग आहेत. लाकडाला एरंडेल लावतात, नाहीतर घासून कातडी सोलवटते. हाताच्या पकडीसाठी राळेची पूड असते. या दोहोंचा अंदाज मुलाच्या तळहाताला आणि मांडीला यावा लागतो, आणि तो सांगून येत नाही.

त्यानंतर साधी अढी. विद्यार्थी हातांनी खांब धरून पाय वर नेतो, मांड्यांनी खांब आवळतो आणि डोके खाली असताना हात सोडतो. सरांचा एक हात त्याच्या मानेमागे आणि दुसरा कमरेला असतो. पहिल्या प्रयत्नांत बहुतेक मुले जमिनीकडे बघतात, श्वास रोखून धरतात आणि नेमक्या त्याच क्षणी मांडी सैल पडते. सर तेव्हा धीर देणारे लांबलचक बोलत नाहीत. “आधी मांडी, मग हात,” एवढेच म्हणतात, आणि मुलाला उतरवून पुन्हा चढवतात. उलटे असताना मूल विचारलेल्या प्रश्नाला सहज उत्तर देऊ लागले, म्हणजे त्याचा श्वास मोकळा झाला, अशी त्यांची खूण आहे. आधाराचा हात त्यानंतरच निघतो. कोणाला त्यासाठी तीन आठवडे लागतात, कोणाला सहा महिने.

सुरुवातीच्या वर्षांत हे असे नव्हते. गणेशोत्सवातील प्रात्यक्षिकाची तारीख जवळ आली म्हणून सरांनी एका तयार नसलेल्या मुलाला उडी घ्यायला लावली आणि त्याचे मनगट मोडले. त्या संध्याकाळी त्यांनी मुलाच्या घरी जाऊन चूक आपली असल्याचे सांगितले. तेव्हापासून प्रात्यक्षिकाचा दिवस आधी ठरला आणि तयारी मागून झाली, असे आमच्याकडे होत नाही. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या शिवाजी पार्कवर झाली, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे आणि स्पर्धेला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही पूर्ण साथ देतो. परंतु प्रवेश घेतानाच स्पर्धेची हमी मागू नये, ही विनंती.

प्रौढांसाठी सकाळचा वर्ग वेगळा आहे. त्यात सूर्यनमस्कार, हलकी लाठी आणि श्वसनाचे व्यायाम असतात. येथे सर स्वामी कुवलयानंदांचा दाखला नेहमी देतात. कुवलयानंद बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात तयार झाले, परंतु योगक्रियांचे गुण ऐकीव माहितीवर सांगत न बसता त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने त्या तपासून पाहिल्या आणि १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधामची स्थापना केली. ज्या गुणाची खात्री नाही तो सांगायचा नाही, हा धडा आम्ही तेथून घेतला. त्यामुळे मधुमेह किंवा पाठदुखी बरी करून देतो, असे आम्ही म्हणत नाही. उच्च रक्तदाब, काचबिंदू किंवा मणक्याचा विकार असल्यास आपल्या डॉक्टरांची लेखी संमती आणावी. ती नसताना डोके खाली जाणारा कोणताही प्रकार करून घेतला जात नाही. मागील वर्षी आलेल्या एका काकूंचे हात वाकल्यावर जमिनीला टेकत नव्हते. त्यांनी चार महिने लाकडी स्टुलावर हात ठेवून नमस्कार घातले, आणि सरांनी त्यालाही पूर्ण नमस्कारच म्हटले, कारण पाठीचा कणा आणि श्वास यांचे काम त्यात नीट होत होते.

आधार देताना शिक्षकाला विद्यार्थ्याच्या अंगाला हात लावावा लागतो. कोठे आणि कशासाठी, हे आधी सांगितले जाते, आणि नको असल्यास विद्यार्थ्याने तसे स्पष्ट म्हणावे. पालकांना वर्गात कधीही बसता येईल. शुल्क महिन्याचे महिन्याला घेतले जाते; वर्षभराचे आगाऊ आम्ही घेत नाही, म्हणजे शिकवणे न पटल्यास आपल्याला पैशांपायी अडकून राहावे लागणार नाही. वर्गाआधी दोन तास जेवू नये, नखे कापलेली असावीत, अंगठ्या व साखळ्या घरी ठेवाव्यात, आणि एरंडेलाचे डाग सहज निघत नसल्याने जुने कपडे घालून यावे.