पट्टा धरणार कोण? आकडी येणाऱ्या चिमुरड्यांच्या सर्व्हिस डॉगची पार्श्वभूमी

सर्व्हिस डॉग म्हणजे आजारी किंवा अपंग माणसाच्या मदतीसाठी शिकवलेला कुत्रा. अशा कुत्र्याला फिटचा, म्हणजे आकडीचा, वास आधी लागतो की नाही यावर लोक तासन्तास वाद घालतात, पण लहान मुलांच्या बाबतीत खरं घोडं अडलं होतं ते वासावर नाही, पट्ट्यावर. चार वर्षांचं पोर, दिवसातून कितीतरी वेळा आकडी येतेय, धड बोलता येत नाही, ते कुत्र्याला ऑर्डर काय देणार आणि पट्टा काय सांभाळणार?

हा प्रश्न आला कुठून हे बघायचं तर पहिल्या महायुद्धापर्यंत मागे जावं लागतं. जर्मनीत ओल्डेनबुर्गला १९१६ मध्ये गेरहार्ड श्टालिंग या डॉक्टरने दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी गाईड डॉगची शाळा काढली, मग अमेरिकेत १९२९ मध्ये 'द सीइंग आय' ही तशीच शाळा सुरू झाली, आणि १९७५ मध्ये बोनिटा बर्गिन यांनी कॅलिफोर्नियात 'कॅनाइन कम्पॅनियन्स' काढून व्हीलचेअरवरच्या लोकांसाठी कुत्रे तयार करायला घेतले. अपंगत्व बदलत गेलं, साचा मात्र तोच राहिला: एक माणूस, एक कुत्रा, हुकूम माणसाचा. म्हणजे माणूस मोठा आणि समजता हवा हे न बोलताच ठरलेलं.

आता फिटचे कुत्रे म्हणजे दोन वेगळी कामं, आणि लोक ती हमखास एकत्र करतात. रिस्पॉन्स डॉग म्हणजे फिट आल्यावर काहीतरी करणारा, भुंकून घरच्यांना उठवणारा, मुलाशेजारी पडून राहणारा, अलार्मचं बटण दाबणारा. हे शिकवता येतं, त्यात जादू काही नाही. अलर्ट डॉग म्हणजे फिट यायच्या आधीच सांगणारा, आणि सगळी भांडणं इथली. गंमत म्हणजे हे आधी कुठल्या ट्रेनरने शिकवलेलंच नव्हतं, घरात पाळलेली कुत्री आपणहून विचित्र वागायला लागायची, मागे मागे फिरायची, चाटायची, कुईकुई करायची आणि थोड्या वेळाने फिट यायची, घरच्यांच्या हे लक्षात आलं आणि मग त्यावरून ट्रेनिंगची कल्पना निघाली. इंग्लंडमध्ये शेफील्डच्या 'सपोर्ट डॉग्ज' या संस्थेने नव्वदच्या दशकात यावर काम केलं आणि १९९९ मध्ये 'सीझर' नावाच्या वैद्यकीय जर्नलमध्ये व्हॅल स्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा पेपर आला, त्यात कुत्रे १५ ते ४५ मिनिटं आधी इशारा देतात असं म्हटलं होतं. माणसं मोजकीच होती, पण बातमी जगभर गेली.

मुलांसाठी खरं वळण अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या झीनिया गावात आलं. कॅरन शर्क या बाईंना मायस्थेनिया ग्रेव्हिस (स्नायू कमजोर करणारा आजार), सर्व्हिस डॉगसाठी अर्ज केला तर नकार, शेवटी त्यांनी बेन नावाचा जर्मन शेफर्ड स्वतःच मिळवला आणि तयार करून घेतला. नकार म्हणजे काय हे अंगावर झेललेलं असल्यामुळे १९९८ मध्ये त्यांनी '४ पॉज फॉर अॅबिलिटी' ही संस्था काढली, आणि वयाची अट लावून ज्या मुलांना इतर ठिकाणांहून परत पाठवलं जायचं त्यांना कुत्रे द्यायला सुरुवात केली. युक्ती अगदी साधी, कुत्रा मुलाचा, पण हुकूम देणार आई किंवा बाप. म्हणजे जोडीच्या जागी तिघांची टीम. आता वाटतं यात काय एवढं, पण आधीच्या साच्यात हे बसतच नव्हतं.

विज्ञान मागून धापा टाकत आलं. २००४ मध्ये कॅनडातल्या कॅलगरीच्या डॉक्टरांनी अपस्मार (वारंवार फिट येण्याचा आजार) असलेल्या मुलांच्या घरी चौकशी केली, तर कुत्रा असलेल्या घरांपैकी साधारण ४० टक्क्यांनी सांगितलं की आमचा कुत्रा फिटच्या वेळी काहीतरी खास वागतो. एक कुत्री म्हणे, लहानगी झटक्याने कोसळायची तशी फिट येण्याआधी तिच्या अंगावर चक्क बसायची, उठूच द्यायची नाही. पण हे सगळं पालकांनी सांगितलेलं, कॅमेरा लावून मोजलेलं नाही, आणि थकलेल्या आईबापांना जे दिसतं त्यात आशा पण मिसळलेली असते हे मान्य करायला हवं. २००७ मध्ये तर 'न्यूरॉलॉजी' जर्नलमध्ये असे रुग्ण समोर आले ज्यांचे कुत्रे व्यवस्थित इशारा देत होते, पण तपासल्यावर त्यांचे झटके अपस्माराचे नव्हतेच, मानसिक कारणाने येणारे निघाले. म्हणजे कुत्रा काहीतरी ओळखत होता, फक्त आपण समजत होतो ते नाही.

वासाचा धडधडीत पुरावा मिळायला २०१९ उजाडलं. फ्रान्सच्या रेन विद्यापीठातल्या टीमने वेगवेगळ्या रुग्णांच्या श्वासाचे आणि घामाचे नमुने ५ प्रशिक्षित कुत्र्यांसमोर ठेवले आणि फिटच्या वेळचा नमुना त्यांनी बरोबर वेगळा काढला. पण नीट वाचा, हा फिट येतानाचा वास होता, अर्धा तास आधीचा नाही. नंतर २०२४ मध्ये नेदरलँड्सच्या अभ्यासात औषधांना दाद न देणाऱ्या २५ रुग्णांमध्ये कुत्रा आल्यावर फिट जवळपास ३१ टक्क्यांनी कमी झालेल्या दिसल्या, भारीच आहे, फक्त ते सगळे मोठी माणसं होती. चिमुरड्यांवर तितका कडक अभ्यास नाही.

तोपर्यंत पट्ट्याचा प्रश्न शाळेच्या गेटवर जाऊन उभा राहिला होता. अमेरिकेचा १९९० चा अपंगत्व कायदा आणि २०११ पासून लागू झालेले सुधारित नियम सांगतात की सर्व्हिस डॉग हँडलरच्या, म्हणजे त्याला सांभाळून हुकूम देणाऱ्याच्या, ताब्यात हवा, आणि त्याची देखभाल करणं ही शाळेची जबाबदारी नाही. घरी आई हँडलर, पण वर्गात? फ्लोरिडातल्या ब्रोवर्ड काउंटीत हे प्रकरण कोर्टात गेलं. बोलू न शकणारा ६ वर्षांचा मुलगा, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणं) आणि फिट दोन्ही, कुत्रा त्याच्या व्हीलचेअरला बांधलेला. शाळा म्हणाली विमा काढा आणि हँडलर तुमचा तुम्ही आणा. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोर्टाने आईच्या बाजूने निकाल दिला: मुलाला पट्ट्याने जोडलेला कुत्रा ताब्यातच आहे, वेगळा विमा मागता येणार नाही, आणि कुत्रा शू करायला बाहेर जाताना मुलासोबत शाळेतलं कुणीतरी जाणं म्हणजे डायबेटिस असलेल्या मुलीला इन्सुलिन पंपासाठी हातभार लावण्यासारखंच आहे, कुत्र्याची देखभाल नव्हे.