कितव्या फळीला जहाज बदललं?

एकेक फळी बदलत गेलेलं जहाज शेवटी तेच राहतं का, हे विचारणारी थीसियस या ग्रीक पुराणकथेतल्या वीराच्या जहाजाची गोष्ट निघाली की कुणी ना कुणी हटकून विचारतं, "पण नेमक्या कितव्या फळीला जहाज बदललं?" प्रश्न चोख वाटतो, पण तो या जहाजाचा नाहीच. तो धान्याच्या राशीचा आहे. दोन्ही कोडी ग्रीकांची आणि दोन्हींत बदल कणाकणाने होतो, त्यामुळे एकाचा प्रश्न दुसऱ्याच्या माथी मारला जातो.

आधी जहाज. ग्रीक चरित्रकार प्लूटार्क सांगतो की थीसियस ज्या तीस वल्ह्यांच्या जहाजातून क्रीटहून परतला, ते अथेन्सकरांनी इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकाच्या अखेरीपर्यंत जपलं. कुजलेली फळी काढायची आणि तिथे नवी मजबूत फळी बसवायची, असा क्रम. हे जहाज तेच की दुसरं, यावरून तत्त्वज्ञांत दोन तट पडले. अथेन्सकर मात्र ज्याला थीसियसचं म्हणत, त्याच जहाजातून डेलॉस बेटावर यात्रा पाठवत. यात्रा परत येईपर्यंत शहरात कुणाला देहदंड देत नसत. इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये शिक्षा सुनावल्यावरही सॉक्रेटिसला विषाच्या प्याल्याची वाट पाहावी लागली, ती या जहाजामुळे.

आता रास. हे कोडं मायलीटसच्या युबुलिडीस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावावर आहे. खळ्यावरच्या राशीतून एक दाणा उचलला तर ती रासच राहते. आणखी एक उचलला, तरी रासच. एका दाण्याने काय होतंय, असं म्हणत उचलत गेलं की शेवटी उरलेल्या एकुलत्या दाण्यालाही रास म्हणायची पाळी येते.

जहाजाच्या गोष्टीत 'याला जहाज म्हणायचं का?' असा प्रश्न एकदाही पडत नाही. पहिल्या फळीपासून शेवटच्या फळीपर्यंत ते ठणठणीत जहाज आहे. शंका एवढीच, की ते *तेच* आहे का. राशीचं उलट. ती तीच रास का, याची कुणाला पर्वा नाही. तिला रास म्हणायचं की नाही, एवढाच वाद.

म्हणूनच राशीच्या जातीचे प्रश्न रेघ ओढून मिटवता येतात. भारतात १९८९ मध्ये मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं. जाणतेपणाची खरी सीमा आता सापडली, असं तेव्हा कुणी म्हटलं नाही. व्यवहाराला कुठेतरी रेघ हवी होती, ती सरकवली.

दोन्ही कोड्यांच्या मुळाशी असलेलं गृहीतही एक नाही. प्लूटार्क हे जहाज 'वाढीच्या युक्तिवादा'चं उदाहरण म्हणून देतो, आणि तो युक्तिवाद सिसिलीतल्या एपिकार्मस या विनोदी नाटककारापर्यंत मागे जातो. त्याच्या नाटकातला ऋणको सावकाराला विचारतो, मोजून ठेवलेल्या खड्यांत एक घातला किंवा एक काढला तर संख्या तीच राहते का? नाही. मग माणूसही रोज वाढतो-झिजतो, तेव्हा कर्ज घेणारा तो मी नव्हेच! सावकार त्याला ठोकून काढतो, आणि तक्रार केल्यावर म्हणतो, मारणारा तो मी नव्हेच. विनोद बाजूला ठेवून गृहीत बघा. राशीत एका दाण्याने *काहीच* बिघडत नाही. इथे एका खड्याने *सगळंच* बदलतं. एकातला पेच संथपणावर उभा आहे, दुसऱ्याला संथपणाची गरजच नाही. अमीबा दुभंगतो तेव्हा फळ्याबिळ्या काही नसतात, तरी दोघांतला मूळचा कोणता हे विचारता येतंच.

जहाजालाही रेघ ओढून पाहू. निम्म्याहून जास्त फळ्या बदलल्या की जहाज नवं, असा नियम केला. १६५५ मध्ये इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जने जी कल्पना मांडली ती या नियमाला भारी पडते: काढलेल्या जुन्या फळ्या कुणी साठवून ठेवल्या आणि शेवटी त्याच क्रमाने जोडल्या तर? आपल्या नियमाने बंदरातलं जहाज नवं ठरलं, त्या दिवशी थीसियसचं जहाज होतं कुठे? जुन्या फळ्या तर अजून वखारीत रचलेल्या, आणि त्याही पुऱ्या नाहीत. रेघ ओढली, तरी प्रश्न जागचा हलला नाही.

हॉब्जचं स्वतःचं उत्तर असं, की फळ्या काही जुन्या, काही नव्या असतील तर जहाज अंशतः तेच आणि अंशतः दुसरं. सगळ्या बदलल्या तर दुसरंच. मला हे उत्तर पटत नाही. राशीला ते शोभलं असतं, कारण 'रास म्हणता येईल थोडीफार' असं आपण सहज बोलतो. पण फळ्या निम्म्या बदलून झाल्या असताना थीसियसचा वारस दावा घेऊन आला, तर त्याच्या ताब्यात नेमकं काय द्यायचं?