अनुदानातून संस्थाबांधणी

अनुदानातून संस्थाबांधणी म्हणजे फंडरने एखाद्या स्वयंसेवी संस्थेला ठरलेल्या कामापुरतेच पैसे देऊन मोकळं न होता, ती संस्था टिकावी, तिची माणसं तयार व्हावीत आणि तिचं काम तिच्या हद्दीबाहेर पसरावं यासाठी पैसा, वेळ आणि ओळखी पुरवणं. फंडर म्हणजे यात देणगीदार ट्रस्ट आले, फाउंडेशन आली, कंपन्यांचे सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा खर्च) बघणारे विभाग आले, परदेशी मदत करणारे पण आले. आपल्याकडे नेहमी चालतं ते याच्या उलट, म्हणजे एका वर्षाचा प्रोजेक्ट, लाभार्थी किती, शिबिरं किती, प्रत्येक हेडला, म्हणजे खर्चाच्या बाबीला, वेगळी रक्कम, मार्चअखेर युसी (पैसे ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याचं प्रमाणपत्र) द्या आणि पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी बघू. त्यातून काम होत नाही असं नाही, पण प्रोजेक्ट संपला की शिकवून तयार केलेला कार्यकर्ता दुसरी नोकरी शोधतो आणि संस्था परत पहिल्यापासून सुरू करते.

महाराष्ट्रातलं सगळ्यात ठळक उदाहरण गडचिरोलीचं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बाळांचे मृत्यू गावात, घरच्या घरी सेवा देऊन कमी करता येतात का ते तपासलं. ३९ गावांत सेवा द्यायची आणि ४७ गावं तुलनेला ठेवायची, असं ठरलं. आता यात बघण्यासारखं हे की १९९३ ते १९९५ ही दोन वर्षं आधी माहिती गोळा करण्यात गेली, किती बाळं जन्मली, किती गेली हे नीट मोजण्यात, आणि नवजात बाळांची सेवा त्यानंतर सुरू झाली. वर्षाच्या शेवटी लाभार्थ्यांचा आकडा मागणाऱ्या फंडरकडे असल्या कामाला हेडच नसतं! या कामाला फोर्ड आणि मॅकआर्थर या अमेरिकन फाउंडेशन्सचा पैसा होता. गावातल्याच बाईला आरोग्यदूत म्हणून शिकवलं, तिच्याकडे वजनकाटा, थर्मामीटर, बाळ उबदार ठेवायची पिशवी, श्वास अडकलेल्या बाळासाठी मास्क आणि जंतुसंसर्ग झाला तर द्यायचं जेंटामायसिनचं इंजेक्शन एवढं सामान. तिसऱ्या वर्षापर्यंत तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास छापून आला.

पुढचा टप्पा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. हेच गडचिरोलीबाहेर जमेल का हे बघायला २००१ पासून 'अंकुर' प्रकल्पात महाराष्ट्रातल्या सात ठिकाणी दुसऱ्या संस्थांनी ही पद्धत वापरली, आणि या वेळी पैसा सेव्ह द चिल्ड्रनच्या नवजात बाळांसाठीच्या कार्यक्रमातून आला. मग २०११ मध्ये केंद्र सरकारने आशांमार्फत (गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या) घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायचा कार्यक्रम देशभर आणला, दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ४२ दिवसांत सहा भेटी आणि आशाला त्याचे २५० रुपये. म्हणजे सर्चने जिल्ह्याजिल्ह्यात शाखा उघडल्या नाहीत, तरी काम देशभर गेलं. प्रभाव वाढवायचा म्हणजे संस्थेचा पसारा वाढवायचा असं बरेच फंडर धरून चालतात, ते सोडून द्यायला हवं. पुरावा तयार करायला, दुसऱ्यांना शिकवायला आणि सरकारपुढे नीट मांडायला पैसे देणं हे पण प्रभाव वाढवणंच आहे.

दुसरं उदाहरण पाणलोटाचं, १९९० च्या दशकात सुरू झालेला इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम. जर्मनीचा पैसा, मोठ्या कामाचं अनुदान नाबार्डमार्फत, आणि त्याआधी गाव आणि स्थानिक संस्था तयार करायचा वेगळा टप्पा, जो अहमदनगरची (आताचं अहिल्यानगर) 'वॉटर' (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट) ही संस्था बघायची. गावाने श्रमदान करायचं, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळायची, आधी थोड्या क्षेत्रावर काम करून दाखवायचं आणि मग पूर्ण पाणलोटाचा पैसा यायचा. माणसं तयार करायचा खर्च मोठ्या कामाच्या बजेटमध्ये कोंबला नाही, त्याला स्वतःचा पैसा आणि स्वतःचा वेळ दिला. ही रचना आजही कुठल्याही सीएसआर विभागाने उचलावी इतकी चांगली आहे.

सगळ्यात जास्त अडतं ते ओव्हरहेडपाशी, म्हणजे संस्था चालवायच्या पगार, भाडं, हिशोब अशा अप्रत्यक्ष खर्चापाशी. प्रोजेक्ट कोऑर्डिनेटरचा पगार बजेटमध्ये चालतो, अकाउंटंटचा अर्धाच, ऑफिसचं भाडं 'संस्थेचं योगदान' या रकान्यात टाका म्हणतात, आणि मग तेच फंडर तीन प्रकारचे रिपोर्ट आणि वेळेवर ऑडिट मागतात, ते करायचं कोणी? ब्रिजस्पॅन ग्रुप या स्वयंसेवी संस्थांना आणि फंडरना सल्ला देणाऱ्या संस्थेने २०२१ मध्ये भारतातल्या संस्थांचे हिशोब तपासले तेव्हा हा अप्रत्यक्ष खर्च संस्थेगणिक ५ ते ५१ टक्के निघाला, त्यामुळे सगळ्यांना एकच सरसकट टक्का लावणं चूकच. सीएसआरच्या नियमातली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चाला आहे, पण ती संस्थेच्या बजेटलाच लावली जाते असं पुष्कळदा दिसतं. परदेशी पैशाचं मात्र कायद्यातच आहे. सप्टेंबर २०२० च्या एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली आणि परदेशी अनुदान एका संस्थेने दुसरीला द्यायला पूर्ण बंदी घातली. आधी मोठी संस्था पैसा घेऊन तालुक्यातल्या लहान संस्थांना वाटू शकत होती, हिशोब लिहायला शिकवत होती, तो रस्ताच बंद झाला.

म्हणून आता देशातल्या पैशावर भिस्त जास्त आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मुळे ठराविक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावेच लागतात, पण तो पैसा बहुतेक प्रोजेक्टलाच बांधलेला असतो. वेगळी वाट म्हणून एडेलगिव्ह फाउंडेशनने २०२१ मध्ये बऱ्याच फंडरना एकत्र करून 'ग्रो फंड' काढला, त्यात १०० तळागाळातल्या संस्थांना दोन वर्षं पगार, भाडं, अकाउंट्स, ट्रेनिंग अशा गोष्टींसाठीच मदत ठरवली. दोन वर्षं कमीच आहेत, पाच तरी हवीत, पण अकाउंटंटचा पूर्ण पगार मागताना संस्थेला मान खाली घालावी लागू नये एवढं तरी त्यातून सुरू झालं.