पहिलं घर, पहिलं कर्ज : टोकन द्यायच्या आधी बँकेत जा

रविवारी साइट बघायची, सॅम्पल फ्लॅटची बाल्कनी आवडली म्हणून तिथेच ५१ हजारांचा टोकनचा चेक फाडायचा आणि सोमवारी बँकेत जाऊन "मला कर्ज किती बसेल हो?" असं विचारायचं. पहिल्यांदा घर घेणाऱ्यांचा हा ठरलेला क्रम. आम्हीही तेच केलं. हा क्रम उलटा करा, निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

कर्ज किती बसतं

बँक आधी बघते ती दर महिन्याला हातात येणारी रक्कम. सर्वसाधारणपणे तिच्या निम्म्यापर्यंत सगळे हप्ते मिळून जाऊ देतात. समजा हातात ६० हजार येतात, तर हप्त्यांना ३० हजार. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षं मुदत धरली, तर लाखाला साधारण ८६८ रुपये हप्ता पडतो, म्हणजे साडेचौतीस लाखांच्या आसपास कर्ज बसतं. पण दुचाकीचा साडेचार हजारांचा हप्ता चालू असेल तर? तेच कर्ज २९ लाखांवर येतं. एका गाडीपायी पाच लाख! अर्ज करायच्या आधी असली किरकोळ कर्जं फेडून टाका, क्रेडिट कार्डावर काढलेला मोबाइलचा हप्तासुद्धा.

मग सिबिल स्कोअर, म्हणजे आधीची कर्जं कशी फेडली याचे गुण. तो ३०० ते ९०० मध्ये असतो आणि ७५० च्या वर असला की बोलणी सोपी होतात. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो आधी स्वतः वाचा. कुणाला जामीन राहिलेले असाल तर तेही तिथे दिसतं. आणि एकाच आठवड्यात पाच बँकांत अर्ज टाकू नका. प्रत्येक चौकशीची नोंद होते.

हातात किती हवेत

खरी फसगत इथे होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते, ३० ते ७५ लाखांत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के. शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या किमतीत धरत नाहीत (१० लाखांपर्यंतच्या घरांना तेवढी सवलत आहे).

पुण्यातला ४० लाखांचा फ्लॅट घ्या. कर्ज जास्तीत जास्त ३२ लाख, पदरचे ८ लाख. सात टक्क्यांनी मुद्रांक शुल्क २ लाख ८० हजार, नोंदणी फी ३० हजार, गहाणाच्या नोटीस ऑफ इंटिमेशनवर (घर गहाण ठेवल्याची सरकारदरबारी नोंद) कर्जाच्या ०.३ टक्के म्हणजे ९,६००. जवळजवळ सव्वाअकरा लाख झाले की! सोसायटीचं हस्तांतरण शुल्क (कमाल २५ हजार), एजंटची दलाली आणि बँकेची प्रोसेसिंग फी यात धरलेलीच नाही.

घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. या फ्लॅटवर ४० हजार वाचतात. नवऱ्याचं नाव करारात जोडलं की ही सूट जाते. कर्जात मात्र तो सहअर्जदार राहू शकतो. घराच्या प्रत्येक मालकाला कर्जात यावं लागतं, कर्जातल्या प्रत्येकाला मालक व्हावं लागत नाही.

"थोडे रोख द्या, करार कमीचा करू" असं विक्रेता म्हणाला तर हात जोडा. बँक करारातली रक्कम आणि तिच्या व्हॅल्युअरचा (घराची किंमत ठरवणाऱ्याचा) आकडा यांतली कमी असेल ती धरते. रोख दिलेल्यावर कर्ज नाही, आणि मुद्रांक शुल्क तरीही रेडी रेकनरच्या (सरकारने ठरवलेल्या दराच्या) खाली भरता येत नाही.

तुमची कागदपत्रं

ही सोपी आहेत. पॅन, आधार, फोटो, तीन महिन्यांच्या पगारपत्रिका, दोन वर्षांचा फॉर्म १६, सहा महिन्यांचं खात्याचं स्टेटमेंट. व्यवसाय असेल तर तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं आणि सीएने सही केलेला ताळेबंद व नफा-तोटा पत्रक. फक्त नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे का, ते आधी बघा.

घराची कागदपत्रं

अर्ज अडतो तो इथे. नवी इमारत असेल तर महारेरा नोंदणी क्रमांक, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, मंजूर नकाशा, जमिनीचा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड आणि जमीन बिगरशेती (एनए) असल्याचा कागद लागतो. रेरा कायद्यानुसार करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे ध्यानात ठेवा. गुंठेवारीतल्या (जमिनीचे लहान तुकडे पाडून बांधलेल्या) स्वस्त घरांकडे बहुतेक बँका बघतही नाहीत, म्हणून तर ती स्वस्त असतात.

जुन्या फ्लॅटला भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि ना हरकत, शिवाय पहिल्या मालकापासूनचे सगळे मूळ करारनामे, सूची क्रमांक दोन (नोंदणीचा उतारा, म्हणजे इंडेक्स टू) आणि नोंदणीच्या पावत्या. आमच्या विक्रेत्या काकांकडे सगळं होतं, १९९८ च्या पहिल्या कराराची पावती तेवढी नव्हती. बँकेच्या वकिलानं सांगितलं : हरवल्याची पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि दुय्यम निबंधकाकडून कराराची प्रमाणित प्रत आणा. आम्ही नोटिशीचा मजकूर लिहून बसलो होतो. दोन दिवसांनी काकूंना ती पिवळी पडलेली पावती जुन्या रेशनकार्डाच्या प्लास्टिक पिशवीत सापडली! तर टोकन देण्याआधी विक्रेत्याला "पावती दाखवा" म्हणायला लाजू नका.

अर्ज टाकल्यावर

आधी तुमच्या घरी आणि ऑफिसात पडताळणी, मग मंजुरीपत्र. त्यासोबत मिळणारं की फॅक्ट स्टेटमेंट वाचा, सगळे खर्च धरून वार्षिक दर त्यात असतो. समांतर वकिलाचा सर्च रिपोर्ट (घराच्या मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी) आणि व्हॅल्युअरची भेट होते. सगळं जुळलं की करारनामा नोंदवायचा आणि मग चेक निघतो. घर ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीचं असेल तर विक्रेत्याला देताना एक टक्का टीडीएस (आधीच कापायचा आयकर) कापून तुम्हालाच भरायचा आहे. बांधकाम चालू असेल तर स्लॅबप्रमाणे रक्कम सुटते आणि तोवर फक्त सुटलेल्या रकमेचं व्याज भरता येतं. त्यातून मुद्दल मात्र रुपयानंही कमी होत नाही.

वर्षाचं कौटुंबिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत असेल आणि भारतात कुठेही पक्कं घर नसेल, तर प्रधानमंत्री आवास योजना-शहरी २.० ची व्याज सवलत विचारा. घर ३५ लाखांपर्यंतचं आणि कर्ज २५ लाखांपर्यंतचं हवं. सवलत पाच वार्षिक हप्त्यांत मिळून कमाल १ लाख ८० हजार. वरचा ४० लाखांचा फ्लॅट त्यात बसत नाही.

मूळ कागद बँकेकडे देताना प्रत्येक कागदाचं नाव आणि पानांची संख्या लिहिलेली पोच सही-शिक्क्यासह घ्या. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत ते परत द्यावे लागतात, आणि बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. ती मागताना हीच यादी पुढे ठेवावी लागेल.