गप्प झालेलं मूल

लहान मूल भोकाड पसरतं तेव्हा भोवतालच्या मोठ्यांना एकच हवं असतं : ते आधी गप्प व्हावं. गप्प झालं की शांत झालं, असं आपण धरून चालतो. मुलांच्या भावनांचा अभ्यास करणाऱ्यांनाही ही चूक ध्यानात यायला बराच काळ लागला.

सुरुवात मात्र चांगली झाली होती. चार्ल्स डार्विनचा थोरला मुलगा १८३९ च्या डिसेंबरात जन्मला आणि बापाने त्याच्या रडण्या-हसण्याच्या, भीतीच्या, रागाच्या नोंदी ठेवायला घेतल्या. पुढे ३७ वर्षं त्या पडून राहिल्या आणि १८७७ मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात छापून आल्या. सव्वादोन वर्षांचे चिरंजीव मनाविरुद्ध झालं की समोरच्याला पुस्तकं आणि काठ्या फेकून मारण्यात पटाईत झाले होते, असं त्यात आहे. स्वतःच्या मुलींमध्ये हे कसब दिसलं नाही, असंही डार्विन लिहितो. यावर किती विसंबायचं ते ज्याने त्याने ठरवावं. पण डार्विनच्या त्या लेखात मुलाला वळण लावण्याची घाई नाही. राग कधी येतो आणि कसा दिसतो, एवढंच तो बघतो.

हा बघण्याचा धीर पुढच्या काळातल्या जॉन वॉटसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाकडे नव्हता. १९२० मध्ये रोझली रेनरसोबत त्याने ‘अल्बर्ट’ या टोपणनावाच्या बाळावर प्रयोग केला. पांढरा उंदीर पुढे आला की पाठीमागे लोखंडी कांबीवर हातोडा हाणायचा. काही खेपांनंतर बाळ नुसत्या उंदरालाही घाबरू लागलं. भीती शिकवता येते हे सिद्ध झालं. ती घालवायची मात्र राहून गेली. १९२८ मध्ये याच वॉटसनने पालकांसाठी पुस्तक लिहिलं. मुलांना कवटाळू नका, मांडीवर घेऊ नका, अगदीच राहवलं नाही तर रात्री कपाळावर एकदा ओठ टेका आणि सकाळी हस्तांदोलन करा, असा त्यातला सल्ला. मधल्या काळात, १९२४ मध्ये, मेरी कव्हर जोन्स या संशोधिकेने सशाला घाबरणाऱ्या जेमतेम तीन वर्षांच्या मुलाची भीती घालवून दाखवली होती. तो आवडीचं खात असताना ससा दर वेळी थोडा जवळ आणायचा, इतकी साधी रीत. शेवटी मुलगा सशाला कुरवाळू लागला. तरी गाजला तो वॉटसनच.

खरा धक्का मात्र इस्पितळातून आला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनमधल्या अनेक इस्पितळांत दाखल झालेल्या मुलांना आईवडिलांनी भेटणं गैरसोयीचं मानलं जाई. आई येऊन गेली की मूल आकांत करतं. आली नाही तर दोन-चार दिवसांत ‘रुळतं’. जेम्स रॉबर्टसन याला हे रुळणं पटेना. तो दुसऱ्या महायुद्धात ॲना फ्रॉइड या मनोविश्लेषिकेच्या लंडनमधल्या बालगृहात बॉयलर सांभाळायचा. तिथे प्रत्येक कर्मचाऱ्याने, अगदी त्यानेसुद्धा, मुलांविषयी दिसेल ते कार्डांवर टिपायचं असा नियम होता. त्या सवयीवर घडलेला हा माणूस पुढे जॉन बोल्बी या मानसोपचारतज्ज्ञासोबत काम करू लागला. त्याने १९५२ मध्ये छोट्या कॅमेऱ्याने एक चित्रपट केला. अडीच वर्षांची मुलगी, साधी शस्त्रक्रिया, आठ दिवस इस्पितळात. ती फारशी रडत नाही. चेहरा ताणून धरते, मध्येच आईची चौकशी करते, आणि आई आली की तोंड फिरवते.

डॉक्टरांसमोर चित्रपट दाखवला तेव्हा अनेकजण चिडले. आमची मुलं अशी नसतात, म्हणाले. पण रॉबर्टसनचं म्हणणं टिकलं : आधी आकांत, मग निराशा, मग तुटलेपण, आणि इस्पितळाला सुधारणा वाटत होती ती ही तिसरी पायरी. १९५९ मध्ये तिथल्या सरकारी समितीने, प्लॅट अहवालात, भेटीच्या वेळेवरची बंधनं काढण्याची शिफारस केली.

मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या प्रयोगांत हीच गोष्ट वर्षभराच्या मुलांत दिसली. आई खोलीबाहेर गेली तरी काही मुलं खेळत राहत, परतल्यावर तिच्याकडे बघतही नसत. किती शहाणी, असं कुणीही म्हणेल. १९७७ मध्ये स्रूफ आणि वॉटर्स या संशोधकांनी अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर ते वाढलेले होते.

मग मुलाला शब्द देण्याचा विचार पुढे आला. हाइम गिनॉट या मानसशास्त्रज्ञाने १९६५ च्या पुस्तकात मांडलं की भावना सगळ्या चालतील, वागणं सगळं चालणार नाही. जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात कुटुंबांचा अभ्यास करून याला ‘इमोशन कोचिंग’ हे नाव दिलं : आधी भावना ओळखायची, तिला नाव द्यायला मदत करायची, मग मर्यादा सांगायची. या बाबतीत मराठीची तिजोरी भरलेली आहे. रुसणं वेगळं, फुगणं वेगळं, हिरमुसणं आणखी वेगळं. आपण मात्र सगळ्यावर ‘राग आला का?’ हा एकच शिक्का मारतो. आणि पोपटपंचीसारखं ‘तुला राग आलाय ना’ म्हणत राहिलं तर मूल जास्तच भडकतं.

आवर घालण्याविषयीची सर्वांत गाजलेली गोष्ट मार्शमॅलो या मऊ, गोड खाऊची. वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाअखेरीस स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मुलांपुढे खाऊ ठेवून सांगितलं : लगेच न खाता थांबलास तर जास्त मिळेल. तग धरणारी मुलं मोठेपणी यशस्वी होतात, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. पण २०१८ मध्ये नऊशेहून अधिक मुलांवर केलेल्या तपासणीत, घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर, हा संबंध बराच क्षीण निघाला. मला मिशेलच्या दुसऱ्याच निरीक्षणाचं जास्त मोल वाटतं : थांबू शकणारी मुलं दात-ओठ खात बसत नव्हती, डोळे झाकत, पाठ फिरवत, गाणी म्हणत.

२०१३ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी या प्रयोगाआधी एक पायरी घातली. मोठ्या माणसाने मुलांना चांगले रंग आणून देतो म्हणून सांगितलं. १४ मुलांना ते आणून दिले, १४ जणांना ‘नाहीत, माफ कर’ म्हटलं. मग मार्शमॅलो पुढे ठेवला. शब्द पाळलेल्या गटातली ९ मुलं पूर्ण १५ मिनिटं थांबली. दुसऱ्या गटातलं १.