साधी गाडी कशाला म्हणायचं? पॉइंटपासून सेन्सरपर्यंत

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात खानापूर असो, निपाणी असो की संकेश्वर, नवी मोटारसायकल बघायला आलेला माणूस पहिल्या दोन-तीन प्रश्नांतच विचारतो, "किक हाय न्हवं?" एव्हरेज आणि हप्ता नंतर. समोर एकाच कंपनीच्या दोन गाड्या उभ्या असतात. एक साधी स्प्लेंडर प्लस, शेजारी २०२२ साली आलेली एक्सटेक. एकीला काट्याचा मीटर, दुसरीला डिजिटल मीटर आणि ब्लूटूथ. घेणाऱ्याला वाटतं की आपण साधी आणि फीचरवाली यांत निवड करतोय. पण गेल्या सत्तर वर्षांत "साधी" या शब्दाचा अर्थ किमान तीनदा बदललाय. आज जिला आपण साधी म्हणतो, तिच्यासारखी गाडी जुन्या बुलेटवाल्याच्या लेखी इलेक्ट्रॉनिकच होती.

भारतीय लष्करानं १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बुलेट ३५० मागवली आणि १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया उभी राहिली. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असलेल्या बेळगावसारख्या छावणीच्या गावात ही गाडी लष्कराची म्हणूनच ओळखली गेली. दुसरी गाडी तर कर्नाटकातलीच. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून जावा बनायला लागली, १९७३ पासून तिचं नाव येझदी झालं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. तिसरी एस्कॉर्ट्सची राजदूत १७५. दुधाचे कॅन आणि शेतातली ओझी वाहायला हीच.

या गाड्या साध्या होत्या म्हणजे त्यांचं काम उघड्यावर चालायचं, एवढंच. मेहनत कमी नव्हती. ठिणगीसाठी कॉन्टॅक्ट पॉइंट, म्हणजे उघडझाप करणारे धातूचे दोन संपर्क, असायचे. दर दोन-तीन हजार किलोमीटरला झाकण काढून ते पॉलिश पेपरनं घासायचे आणि फट ०.३५ ते ०.४० मिमी ठेवायची. फट मोजायची पातळ पट्टी, म्हणजे फीलर गेज, नसेल तर व्हिजिटिंग कार्ड चालायचं, कारण त्याची जाडी साधारण त्याच्याच जवळ येते. टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडते ते, बघायला पॉइंटच्या मध्ये सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरायचा. मॅग्नेट (इंजिनसोबत फिरणारं चुंबकाचं चाक) हळू फिरवताना कागद ज्या क्षणी सैल होऊन निसटतो, तिथे पॉइंट उघडतात. पॉइंटवरची जादा ठिणगी शोषणारा कंडेन्सर कमजोर झाला की पॉइंटवर निळसर ठिणग्या दिसतात, खड्डे पडतात आणि इंजिन तापल्यावर गाडी मिसिंग मारायला लागते. नवे पॉइंट घालून चार दिवसांत तेच व्हायला लागलं तर दोष पॉइंटचा नाही, कंडेन्सरचा. हे ज्याला माहीत नसायचं, तो पॉइंटवरच पैसे घालवत राहायचा.

जुन्या बुलेटचा अँपियरचा काटा नीट समजून घ्यायला हवा. हेडलाइटच्या वरच्या पत्र्यावर बसवलेलं ते छोटं घड्याळ बॅटरीत वीज जाते की बॅटरीतून येते, हे दाखवतं. किल्ली चालू केली आणि पॉइंट मिटलेले असले की काटा डावीकडे झुकतो. किक हळूहळू दाबत गेलं की एका ठिकाणी तो मध्यावर येतो. म्हणजे पॉइंट उघडले, पिस्टन वर पोचला. तिथे इंजिनातला दाब सोडणारा डीकॉम्प्रेशनचा लिव्हर ओढून किक अजून थोडी पुढे न्यायची, लिव्हर सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग अख्ख्या अंगाचा भार टाकून एकच किक मारायची. हा क्रम चुकला तर किक उलटी येऊन घोट्याला मार बसतो. इंजिनची आतली अवस्था सांगणारं ते एक उपकरणच होतं. आजचे सेन्सर जे कंट्रोल युनिटला, म्हणजे गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरला, कळवतात, ते तेव्हा काटा चालवणाऱ्याला कळवत होता.

पहिलं खरं वळण १९८५ चं. त्या वर्षी हिरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १०० बाजारात आल्या. "फिल इट, शट इट, फर्गेट इट" ही सीडी १०० ची जाहिरात अनेकांना आठवत असेल. शंभर सीसीची चार स्ट्रोक गाडी आणि एव्हरेज असं की बुलेटवाल्याचा विश्वास बसू नये. आरएक्स दोन स्ट्रोक, ९८ सीसीत ११ बीएचपी. तिचं वेड कोल्हापूरपासून धारवाडपर्यंत अजून ओसरलेलं नाही. पण दोघींतली सगळ्यात मोठी गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात आली नाही: पॉइंट गेले आणि सीडीआय, म्हणजे ठिणगी पाडणारी इलेक्ट्रॉनिक डबी, आला.

मॅग्नेटमधली कॉइल दोन-तीनशे व्होल्ट तयार करून सीडीआयच्या डबीतला कंडेन्सर भरते. ठिणगीची वेळ सांगणाऱ्या पल्सर कॉइलनं इशारा दिला की तो साठा एका झटक्यात प्लगला वीज देणाऱ्या एचटी कॉइलमध्ये सोडला जातो. घासणारा भागच नाही, त्यामुळे फट बदलत नाही आणि टायमिंग सरकत नाही. शिवाय ही वीज थेट मॅग्नेटमधून येते, बॅटरीवर काही अवलंबून नाही. म्हणून जुन्या स्प्लेंडरची बॅटरी पार मेलेली असली तरी ती किकला सुरू होते. इलेक्ट्रॉनिक भागाला इथल्या माणसानं तेव्हा अजिबात विरोध केला नाही, याचं कारण हेच. एक काम कमी झालं आणि नवीन काहीच सांभाळावं लागलं नाही. सीडीआय बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा गाडी तापल्यावर बंद पडते आणि अर्धा तास उभी केल्यावर पुन्हा चालू होते. निदान करायला दुसऱ्या तशाच गाडीचा सीडीआय पाच मिनिटांसाठी लावून बघायचा. कुठल्याही खेड्यातला फिटर हे करू शकतो. १९९४ मध्ये आलेली स्प्लेंडर सीमाभागातल्या गावोगावी पसरली, त्याला हे एक मोठं कारण मानायला हरकत नाही.

नोव्हेंबर २००१ मध्ये बजाजची पल्सर आली आणि बटन स्टार्ट, डिस्क ब्रेक, पुढे डिजिटल मीटर या गोष्टी तरुणांच्या तोंडी झाल्या. फ्युएल इंजेक्शनचा (कार्बोरेटरऐवजी सेन्सर बघून पेट्रोल फवारणाऱ्या यंत्रणेचा) इतिहास मात्र बरेच जण चुकीचा सांगतात. ते २०२० मध्ये आलं असं म्हणतात. खरं तर हिरो होंडानं २००६ मध्ये ग्लॅमर एफआय आणली होती आणि बजाजनं २००७ मध्ये पल्सर २२० डीटीएस-एफआय. दोनच वर्षांनी बजाजनं २२० मधलं इंजेक्शन काढून कार्बोरेटर बसवला. शक्ती २० पीएसवरून २१ वर गेली आणि किंमत उतरली. गिऱ्हाइकानं ती आनंदानं घेतली. इंजेक्शनचे फायदे त्या काळी चालवणाऱ्याला जाणवत नव्हते, खर्च आणि दुरुस्तीची धास्ती मात्र जाणवत होती. कायद्यानं सक्ती केली नसती तर १०० सीसीच्या गाड्यांत इंजेक्शन यायला अजून किती वर्षं लागली असती, हा प्रश्न रास्त आहे.

ही सक्ती टप्प्याटप्प्यानं आली. १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि इंजिन चालू असेपर्यंत हेडलाइट लागलेलाच राहायला लागला. त्याआधी २९ मार्चला सर्वोच्च न्यायालयानं बीएस-३ गाड्यांच्या विक्रीला मनाई केली आणि शेवटच्या दोन दिवसांत देशभर सवलतींचा पाऊस पडला. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या गाड्यांना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि त्याखालच्यांना किमान सीबीएस (एका ब्रेकनं दोन्ही चाकं थांबवणारी जोडणी) सक्तीचं झालं. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं आणि कार्बोरेटर जवळजवळ इतिहासजमा झाला. म्हणजे आज शोरूममधली "साधी" गाडीसुद्धा बहुतेक वेळा इंजेक्शनचीच असते. घेणारा माणूस निवडतो तो फक्त मीटर आणि ब्लूटूथ.

सीमाभागात इंजेक्शनच्या गाडीची कसोटी पावसाळ्यात लागते. जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला घाटाकडच्या पावसात गाडी बंद पडली तर जुन्या सवयीनं दहा-वीस किका मारण्यात अर्थ नाही. किल्ली चालू करा, किल स्विच "रन"वर आहे ना बघा आणि टाकीला कान लावा. दोन-तीन सेकंद झूं असा बारीक आवाज आला पाहिजे. टाकीतला पेट्रोल पंप साधारण ३ बार दाब तयार करतो, त्याचा तो आवाज. आवाज नसेल तर आधी फ्यूज, मग बॅटरी. विश्रांतीत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२ च्या खाली घसरली असेल तर पंप आणि कंट्रोल युनिट दोन्ही कुरकुर करतात. गाडी आडवी पडली असेल तर टिल्ट सेन्सरनं इंजिन बंद केलेलं असतं. उभी करून किल्ली बंद-चालू केल्याशिवाय ती सुरूच होत नाही आणि निष्कारण माणसं ढकलत बसतात. चौथा संशयित साइड स्टँडचा स्विच. ज्या गाडीत तो आहे तिथे खाली चिखल बसून तो अडकतो आणि गाडीला वाटतं स्टँड लावलेलाच आहे. पाण्यानं धुऊन, स्टँड चार वेळा वरखाली केला की बऱ्याचदा काम होतं.

पंपाचा आवाज येतो, ठिणगी आहे आणि तरी गाडी उठत नाही, तर पेट्रोलमध्ये पाणी किंवा कचरा असण्याची शक्यता जास्त. इथे जुन्या गाडीची सोय आठवते. कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरखालचा ड्रेन स्क्रू दोन आटे सैल केला की पाणी बाहेर. इंजेक्शनच्या गाडीत टाकी उतरवून पंप बाहेर काढावा लागतो. म्हणून आडगावात दुकानातून बाटलीनं पेट्रोल घेत असाल तर ते कापडातून गाळून घाला आणि टाकी अगदी तळाला जाऊ देऊ नका. पंप पेट्रोलमध्ये बुडालेला राहून थंड होतो. टाकी तोंडापर्यंतही भरू नये. वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डबीत पेट्रोल शिरलं की गाडी गरम असताना उठायला त्रास देते.

चेक इंजिनचा दिवा लागला की पूर्वी लोक घाबरून शोरूमला न्यायचे. पण अनेक गाड्यांत तो दिवा स्वतःच दोष सांगतो. होंडाच्या पद्धतीत लांब लुकलुक म्हणजे दहा आणि छोटी म्हणजे एक. एक लांब, दोन छोट्या म्हणजे १२, इंजेक्टरचा सर्किट. दोन लांब, एक छोटी म्हणजे २१, ऑक्सिजन सेन्सर. २०२० नंतरच्या बऱ्याच गाड्यांत स्कॅनरसाठी सहा पिनांचा कनेक्टर असतो. ज्या गॅरेजवाल्यांनी स्कॅनर घेऊन ही भाषा शिकून घेतली, त्यांच्याकडे आज गर्दी आहे. बाकीच्यांना गिऱ्हाईक परत पाठवावं लागतं. ते मला फार खटकतं, कारण हात त्यांचेही तितकेच कुशल आहेत.

इंजेक्शनचा एक फायदा मात्र ऊसपट्ट्यानं ओळखला पाहिजे. बेळगाव जिल्हा साखर कारखान्यांचा. मळीपासून आणि उसाच्या रसापासून इथे इथेनॉल बनतं आणि तेच पेट्रोलमधून आपल्या टाकीत येतं. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३ पासून पंपांवर यायला लागलं. इथेनॉलमध्ये मुळात ऑक्सिजन असतो, त्यामुळे पेट्रोल आणि हवेच्या मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, मिश्रण पातळ होतं. ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवून ते सावरते. कार्बोरेटरला हे कळतच नाही. जुन्या आरएक्स किंवा बुलेटचा पिकअप घसरला, प्लगचं टोक पांढरट दिसायला लागलं, तर मेन जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक छिद्राची तोटी) एक नंबर मोठा घालून बघावा आणि कडक झालेली पेट्रोलची नळी बदलावी. पावसाळ्यात इथेनॉल पाणी ओढून घेतं. महिना-दोन महिने उभी राहणारी गाडी असेल तर टाकी रिकामी ठेवण्यापेक्षा बऱ्यापैकी भरून ठेवलेली बरी, म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही.

एबीएसबद्दल दोन्ही बाजूंचं ऐकू येतं. ओल्या डांबरावर, विशेषतः घाटाच्या वळणावर अचानक म्हैस आडवी आली की पुढचं चाक लॉक होत नाही, ही त्याची किंमत वसूल झाली. खडीच्या उतरणीवर मात्र ते थांबायचं अंतर वाढवतं, म्हणून तिथे वेग आधीच उतरवायचा. चाकाजवळची दातेरी रिंग आणि सेन्सर यांच्यात जेमतेम मिलिमीटरभर जागा असते. उसाच्या फडातून आलेली चिकट माती तिथे बसली की दिवा लागतो. बोटानं किंवा ब्रशनं साफ करा. वॉशिंग सेंटरच्या जेटचा फवारा तिथे आणि मीटरखालच्या कनेक्टरवर थेट मारू देऊ नका. सीबीएसच्या गाडीत मागचा ब्रेक आवळताना पुढच्या ब्रेकला जोडणाऱ्या केबलची ढीलही बघायची असते. नुसता मागचा नट आवळला की दोन्हींचा ताळमेळ बिघडतो.

ब्लूटूथ, नकाशा, कॉलची सूचना, रायडिंग मोड यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ते बिघडले तरी गाडी घरी येते. पैसे असतील तर घ्यावेत. सीमाभागात खरा हिशोब वेगळ्या प्रश्नावर होतो: बिघाड झाला तर सर्वांत जवळच्या गावात तो निघेल का? बेळगावच्या उद्यमबागला रोज ये-जा करणाऱ्याला सर्व्हिस सेंटर हाकेच्या अंतरावर आहे. जांबोटीच्या पुढच्या वाडीवरच्या माणसाला ते दिवसाचं काम आहे. तोच माणूस किक विचारतो. रॉयल एनफिल्डच्या २०२१ च्या क्लासिकला आणि २०२३ च्या बुलेटला किक राहिलेली नाही, हे अशा ठिकाणी नक्की विचारात घ्यावं.

जुन्या साध्या गाडीकडे वळणाऱ्यांनी कागद आधी बघावेत. नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण लागतं. कोल्हापूरकडून एमएच ०९ ची आरएक्स आणली तर एनओसी हवी, आणि १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ इकडे ठेवायची असेल तर केए २२ (बेळगाव) किंवा केए २३ (चिक्कोडी) ची नोंदणी करून कर्नाटकचा कर भरावा लागतो. कागद झाले की गाडी थंड असताना मागून घ्या आणि स्वतः किक मारा. विकणाऱ्यानं आधीच तापवून ठेवलेली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. २०२० नंतरची सेकंडहँड असेल तर किल्ली फिरवल्यावर चेक इंजिनचा दिवा आधी लागतो का आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो का, हे दोन्ही बघा. मुळात लागतच नसेल तर तो कुणीतरी काढून ठेवलाय.